दीड महिन्यानं मोठी बहीण

मी, चंपाबाई मोतीराम शेजवळ,

हे माझ्या आईचं नाव. वाक्य तिचं आहे, टाइप चिन्मयनं केलंय आणि गरज मला आहे. माझी बहीण अमृता मेलबर्नला असते. तिची मुलगी, माझी भाची सायली, तिथंच लग्न करतेय आणि नवरीच्या मागं उभा राहायला मामा पाहिजे. मामा म्हणजे मी, राजेंद्र. शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आजवर विमानात बसलेलो नाही.

चिन्मय हा उस्मानपुऱ्यातला व्हिसाचा एजंट. तिशीच्या आतला, कोरलेल्या दाढीचा. खुर्चीतून न उठता नमस्कार करतो. त्यानं माझी फाइल चाळली, माझ्याकडं बघितलं, परत फाइल चाळली.

"काका, स्पॉन्सर अमृता मॅडम आहेत, म्हणजे नातं दाखवायला लागतं. त्या तुमच्या सख्ख्या बहीण ना?"

"हो."

"आई एकच?"

पन्नाशी ओलांडली, पण हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता.

"म्हणजे काय?"

त्यानं शाळेचे दोन दाखले शेजारी शेजारी लावले. अमृता, १४ एप्रिल १९७४. राजेंद्र, १ जून १९७४. आईचं नाव दोन्हीकडं चंपाबाई.

"दीड महिना," चिन्मय म्हणाला. "मी समजून घेईन हो. पण तिकडं जो गोरा बसलाय ना फाइल बघायला, तो म्हणणार, या बाई आहेत की मशीन?"

तो हसला. मीही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. माझ्या नाकाकडं बघतोय, असं मला वाटलं.


वय अंदाजे ७५ वर्षे,

अंदाजेच. आमच्या घरात कुणाचीच तारीख खरी नाही. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं. मी तोवर शेळ्यांमागं होतो, म्हणून मला उशीर झालेला. मास्तरांनी माझ्या नावापुढं एक जून लिहिलं. सगळ्यांचंच एक जून लिहायचे, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून. अमृताचं लिहायला लागले तेव्हा वडिलांनी त्यांचा हात धरला. "पोरीला बाबासाहेबांची तारीख द्या." दिली. पहिलीतली पोरं म्हणून साल दोघांचं सारखं. त्यामुळं प्रत्यक्षात दोन वर्षांनी लहान असलेली माझी बहीण कागदावर माझ्यापेक्षा दीड महिन्यानं मोठी झाली. भांडण झालं की ती म्हणायची, "कागद बघ अन् पाया पड."

इतकी वर्षं हा आमच्या घरातला विनोद होता.

चिन्मयच्या टेबलावर तो विनोद राहिला नाही. दोन मुलं आणि एक आई, यातलं काहीतरी खोटं आहे, असा तो कागद दिसत होता. मी तोच कागद घरी आणला. बायकोला, करुणाला, दाखवला.

ती म्हणाली, "अहो, मास्तरांची चूक. एवढं काय?"

मग पोळी लाटता लाटता म्हणाली, "पण तुमच्यात आणि अमृताताईत काहीच सारखं नाही, हे मात्र आहे."


राहणार दौलताबाद,

चिन्मयनं दोन रस्ते सांगितले. एक, आईचं प्रतिज्ञापत्र: दोघंही माझीच, तारखा शाळेनं अंदाजे लिहिल्या. दुसरा, डीएनए. "गालाच्या आतून बोळा फिरवायचा, बस. एकदम क्लीन. कुणाच्या बापाला शंका नाही राहणार."

अमृताला फोन केला. मला वाटलं, ती हसेल. ती एकदम म्हणाली, "डीएनएच करून टाकू, दादा."

"अगं, मायचं लिहून दिलं तर चालतं म्हणतो तो."

"नको. लिहिलेल्यावर कोण विश्वास ठेवतं? टेस्ट करू. मी इकडं लॅब पण बघून ठेवलीय."

बघून ठेवलीय. कधी? चिन्मयनं मला आज सांगितलं. हिनं लॅब कधी बघितली?

फोन ठेवला. ठेवल्यावर जे सुरू झालं ते असं:

अमृता शिकली, मी आयटीआय केलं.

भाकरीचा मऊ पापुद्रा तिला, मला खालचा.

ती तापली की माय रात्रभर बसायची. मी तापलो की म्हणायची, झोप, सकाळी उतरंल.

नाक वडिलांचं नाही. आईचंही नाही. मग?

लहानपणी माय चिडली की म्हणायची, तुला कोंडवाड्यातून सोडवून आणलाय. सगळ्याच आया म्हणतात. सगळ्या म्हणतात ना?

अमृताला हे ठाऊक असणार. कधीतरी मायनं तिला सांगितलं असणार, बाई बाईला सांगते तसं. आणि आता लग्नाआधी तिला नक्की करून घ्यायचंय की मागं उभा राहणारा मामा खरा आहे का.

रविवारी दौलताबादला गेलो. माय किल्ल्याच्या पायथ्याला जुन्या घरात एकटी राहते. शहरात ये म्हटलं की म्हणते, तुमच्या खोलीत मला वारा भेटत नाय.

"माय, म्या कधी जन्मलो?"

"दुष्काळात. खडी फोडत होते तवा."

"तारीख?"

"खडीला तारीख असती का?"

"अन् अमृता?"

ती उठली. कोंबड्या हाकलायला. अंगणात एकही कोंबडी नव्हती.


सत्यप्रतिज्ञेवर

माय रोज सकाळी तोंड धुतलं की बुद्धाच्या तसबिरीपुढं बसते आणि पंचशील म्हणते. चौथं शील, खोटं बोलणार नाही. बाकीच्यांचं ते म्हणून होतं आणि चहा पिऊन होतो. मायचं तसं नाही. गल्लीत कुणाच्या घरी बघायला पाहुणे येणार असले की पोरीकडचे आधी मायला दुसऱ्या गल्लीत पाठवतात. पाहुण्यांनी विचारलं तर ती पोरीचं खरं वय सांगून टाकते.

अशी बाई कोंबड्या हाकलायला उठते.

मी करुणाला म्हणालो, "माय काहीतरी लपवतीय."

"तुम्हीच तर म्हणता त्या खोटं बोलत नाहीत."

"खोटं बोलत नाय. उठून जाते."


लिहून देते की

मायला विचारून उपयोग नव्हता. रजा टाकली आणि फर्दापूरला गेलो. तिथं आवडाआत्या असते, वडिलांची धाकटी बहीण. तिच्या मुलाचं लेण्यांच्या रस्त्यावर चमकत्या दगडांचं दुकान आहे. आत्या दुकानाच्या मागच्या खोलीत बाजेवर बसलेली.

मला बघून तिनं पहिलं विचारलं, "अमृता बरी हाय ना?"

मी बरा आहे का, ते नाही.

"बरी हाय. आत्या, म्या जन्मलो तवा तू व्हतीस का?"

तिचा हात गुडघ्यावर होता, तिथंच थांबला. "कोण काय म्हणलं तुला?"

"कुणी काय म्हणायचंय?"

"नाय, कुणी नाय." तिनं पदर सारखा केला. "तू व्हय? तू दुष्काळी कामावरचा. वैनीला खडीच्या ढिगापाशी कळा आल्या. म्याच होते संगं. मुकादम वरडत होता, आज पाटी कमी भरली म्हणून. तू बी वरडत होता. कोणाचं ऐकावं कळंना."

हे तिनं सरळ सांगितलं, माझ्याकडं बघत. पण मी तिच्या शब्दांकडं लक्षच देत नव्हतो. मी तिच्या चेहऱ्यात माझं नाक शोधत होतो. सापडलं नाही.

"अन् अमृताच्या वेळी?"

"च्या ठिवते," आत्या म्हणाली.

चहा झाल्यावर तिनं सायलीचा फोटो मागितला. मी मोबाइल दिला. ती फोटोकडं बघत राहिली आणि मग काचेवरची धूळ पदरानं पुसायला लागली. पुसताना फोटो सरकला, दुसराच आला, माझ्या कारखान्यातल्या रॅकचा. "गेली कुठं पोर?" आत्या एवढ्या घाबरून म्हणाली की मला हसू आलं.

परतीच्या एसटीत हसू गेलं. तीही लपवतेय. सगळ्या मिळून लपवताहेत. अख्खं खानदान एका बाजूला आणि मी दुसऱ्या.

सिल्लोडला गाडी थांबली. खाली उतरून पानटपरीच्या आरशात चेहरा बघून आलो.


राजेंद्र व अमृता

शेवटी मी ठरवलं, मायलाच अदालत रोडला घेऊन जायचं. वकिलापुढं शपथेवर विचारल्यावर ती उठून कुठं जाणार? व्हिसाचं काम होईल ते होईल. मला तिचा अंगठा बघायचा होता. अंगठा पडला तर मी तिचा. नाही पडला तर नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. करुणाला म्हणालो, कागदाचं काम आहे.

कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक नोटरी वकीलबाई बसतात. माय पांढरी साडी नेसून आलेली. बुद्धपौर्णिमेलाच नेसते ती.

"आजी, लिहिता येतं का?"

"नाय. अंगठा."

"मग वाचून दाखवायला लागेल. ऐका हं." वकीलबाई चष्मा चढवून भराभर वाचायला लागल्या. मी, चंपाबाई मोतीराम शेजवळ, वय अंदाजे पंच्याहत्तर, राहणार दौलताबाद. माय प्रत्येक स्वल्पविरामाला मान हलवत होती. मी तिच्या मानेवरून नजर काढली नाही.

"राजेंद्र व अमृता..."

मान हलली.


ही दोघेही

"...ही दोघेही माझ्या पोटी जन्मलेली..."

मान थांबली.

बघितलंत? मला ठाऊक होतं. शेजारचा टायपिंगवाला कुणाच्या तरी भाडेकराराची कलमं जोरानं वाचत होता आणि मला फक्त तेच ऐकू येत होतं.

"परत वाचा," माय म्हणाली.

वकीलबाईंनी परत वाचलं.

"राजूचं तसंच ऱ्हाऊ द्या," माय म्हणाली. "माझ्याच पोटचा हाय तो. पोरीचं असं नका लिहू."

आधी मला आनंद झाला. मी ते लपवत नाही. छातीवरचं उतरलं, हसू फुटलं, असा आनंद. मी तिचा. मी तिचा! आणि मग त्या वाक्याचा राहिलेला अर्धा भाग माझ्यापर्यंत पोचला.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, नुसती फॉर्म्यालिटी असते हो. कोण बघतंय?"

"सकाळी शील घेतलंय म्या."

"रोजच घेता ना?"

"म्हणूनच म्हणते."


माझ्या पोटी जन्मलेली

कोर्टाच्या चहाच्या गाड्यामागं दगडावर बसलो. मायनं बशीत चहा ओतला, फुंकला आणि न पिता सांगायला लागली.

"तुझ्या पाठीवर मला पोरगी झाली व्हती. तिसऱ्या दिवशी गेली. दूध लई यायचं. म्या भिंतीवर पिळायचे. आवडा बाळतीण व्हती, तिला पाचवी पोरगीच. नवरा बघायला बी आला नाय. एक दिवस आली अन् पोर माझ्या मांडीवर टाकली. म्हणली, वैनी, तुझं दूध, तुझी पोर. अन् मागं न बघता गेली. बस."

"दादा काय म्हणले?" वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

"ते म्हणले, आता दोन जागी नाव नको लागाया पोरीचं. एकच घर सांगायचं. आवडाला बी बजावलं."

"मंग आम्हाला का नाय सांगितलं?"

"विचारलं कुणी?"

"माय, परवा म्या विचारलं!"

"तू तुझं विचारलंस. तिचं तिनं विचारायचं. तू कोण?"

बशीतला चहा तिनं एका घोटात संपवला.

मी दगडावर बसून हिशोब लावत होतो. डीएनए केला तर अमृताला लॅबचा कागद सांगणार, तू उपरी. तिच्या पोरीच्या लग्नाच्या तोंडावर. मायनं खोटं लिहून दिलं तर ते काम होईल, पण माय नंतर तसबिरीपुढं बसणार नाही. मी तिला ओळखतो. आणि काहीच दिलं नाही तर स्पॉन्सरचा व्हिसा नाही, मामा नाही, आणि का नाही, हे अमृता विचारणारच.

"चल," माय उठली. "ती बाई जेवाया जाईल."

वकीलबाईंसमोर उभं राहून ती म्हणाली, "खरं लिहा, म्या अंगठा देते. दोघं बी माझी मुलं हायेत. तारखा मास्तरनं आपल्या मनानं लिहिल्या. ह्यात काय खोटं हाय?"

वकीलबाईंनी मायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पेन उघडलं. 'माझ्या पोटी जन्मलेली' यावर आडवी रेघ मारली, समासात सही केली आणि उरलेलं वाक्य वाचून दाखवलं.

अंगठा पडला. जांभळा, ठसठशीत.


माझी मुले आहेत.

चिन्मयनं कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "काका, हे काय? मेन शब्दच उडवला. रेघ बघून तर कुणालाही डाउट येईल."

"येऊ दे."

"मी नवीन टाइप करून देतो ना. अंगठा परत..."

"अंगठा एकदाच पडतो तिचा. पाठव."

तो मान हलवत स्कॅन करायला गेला. त्याच्या मनात आमच्याबद्दल काय चाललं असेल, ते त्याच्या पाठीवरसुद्धा दिसत होतं.

कागद आधी अमृताकडं जाणार आणि तिनं तो तिकडून चढवायचा, अशी पद्धत. अमृता विम्याच्या कंपनीत दावे तपासते. कागदात काय आहे यापेक्षा काय नाही, ते तिला आधी दिसतं. त्याचाच तिला पगार आहे.

रविवारी दुपारी मी दौलताबादला होतो. माय मेथी निवडत होती. फोन आला.

"दादा, रेघ कुणी मारली?"

"वकीलबाईनं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मायच्या."

मग हळू आवाजात, "तुझ्यामुळं की माझ्यामुळं?"

त्या क्षणी मला कळलं की तिनं लॅब चिन्मयच्या आधी का शोधून ठेवली होती. तिला माझ्यावर शंका नव्हती. स्वतःवर होती. कुणाला न विचारता, व्हिसाच्या आडून, तिला ते बघून घ्यायचं होतं.

मी खोटं बोलू शकलो असतो. एजंटचा गोंधळ, म्हणालो असतो. मी म्हणालो, "माय इथंच हाय. तिला विचार." आणि स्पीकर लावून मोबाइल मेथीच्या ढिगावर ठेवला.

मायचा हात थांबला. या वेळी ती उठली नाही. "विचार, पोरी."

अमृतालाही ठाऊक आहे की माय खोटं बोलत नाही. विचारलं की उत्तर येणार आणि ते परत आत घालता येणार नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. तिकडं मागं सायली कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी सांगत हसत होती. दार लागल्याचा आवाज आला. हसणं बंद झालं.

"माय."

"बोल की."

"आवडाआत्याचा पासपोर्ट निघेल का गं? लग्नाला?"

मायनं माझ्याकडं बघितलं. मी मेथीकडं.

"निघंल," माय म्हणाली. "हा काढून देईल. पर पोरी, तिला आत्याच म्हणायचं. तिनं शब्द दिलेला हाय, तो तिच्याकडून मोडून घेऊ नगंस."

"आत्याच म्हणते की मी. आजवर दुसरं काही म्हटलंय का?"

"नाय म्हणलं."

"दादा, तू ऐकतोयस ना? मी चढवतेय कागद. असाच, रेघेसकट. आणि त्यांनी डीएनए मागितला तर तू गप्प राहा. मी नको म्हणेन. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"बरं."

"आणि सूट नको घेऊस. फेटा बांधून ये."

फोन बंद झाला. माय परत मेथी निवडायला लागली. ती काड्या पानांत टाकत होती आणि पानं काड्यांत. मी तिच्या हातातून जुडी घेतली. आजवर, असं म्हणाली अमृता. आत्या आपली कोण, हे तिच्या मनात कधीपासून होतं, ते मी कुणालाच विचारलं नाही.